दुसऱ्या प्रवाशाचं नाव

‘मशीन आवडलं का?’ या प्रश्नाला आगरदांड्याच्या धक्क्यावर सत्तावीस जणांनी ‘हो’ म्हटलं होतं, आणि तिकीट-खिडकीतली जयमाला तो कागद वाचून हसत होती. वीस वर्षं ती या खिडकीत बसलेली. परगावचा पोरगा उन्हात उभा राहून विचारतोय, तर त्याच्या तोंडावर नाही कोण म्हणेल? चहा पाजला नाही हेच नवल!

तो पोरगा म्हणजे रितेश, धक्क्यावर बसवलेल्या तिकीट-मशीनच्या कंपनीतला. त्याला तिची सही हवी होती, ‘चाचणी यशस्वी’ म्हणून. सही झाली की सोमवारपासून खिडकी बंद आणि जयमाला दिघीच्या ऑफिसात पंख्याखाली. लाँचच्या ठेकेदाराने तसा शब्दच दिला होता.

“आवडलं का विचारून काय कळायचं न्हाय,” ती म्हणाली. “लाँचला पंचवीस मिनिटं हायत. पाच माणसं घ्या. तिकीट काढा, एवढंच सांगा आणि गप बसा. मीपण खिडकीची फळी पाडून बाहेर बसते.”

एवढंच ना, म्हणून रितेश तयार झाला.

कॉलेजातल्या नूरैनने चुटकीसरशी तिकीट काढलं. रितेश खूश. मग रफिकचाचा. कुवेतमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस मशीनला काय भिणार? पण उन्हात त्यांना पडद्यावर स्वतःच्या दाढीशिवाय काही दिसेना! दोनदा पडदा पुसून ते निमूट बाकावर येऊन बसले. बुधाजींना मशीनने मोबाइल नंबर विचारला. तो त्यांच्या लेकाला पाठ होता. किशोरीच्या कडेवर तान्हं पोर, तिचं एका हाताने लिहून होईपर्यंत मशीन परत पहिल्या पानावर. रितेश मधे बोलायला गेला, तर जयमालाने डोळे वटारले.

पाचवी चंदाबाई, कोळंबीची टोपली घेऊन. या धक्क्यावर टोपलीलाही तिकीट लागतं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तिने ओली बोटं लुगड्याला पुसली आणि दोन प्रवासी दाबले. मशीनने दुसऱ्या प्रवाशाचं नाव विचारलं.

“जयमाला, टोपलीचं नाव काय सांगू गो?”

कुणीच हसलं नाही. लाँचचा भोंगा झाला. जयमालाचा जीव तिकीटबुकाकडे ओढ घेत होता, पण तिने हात मांडीखाली दाबून धरले.

“ताई, द्या ना त्यांना तिकीट,” रितेशच काकुळतीला आला.

“सोमवारी कोण देणार?”

लाँच गेली. चंदाबाईने जयमालाच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि तिने ते मान खाली घालून ऐकून घेतलं. वीस वर्षांत तिने मुद्दाम कुणाची लाँच चुकवली नव्हती. फार लागलं तिला ते.

तेवढ्यात ठेकेदाराचा फोन आला. चार जण मागे ठेवून लाँच सुटल्याचं त्याला कळलं होतं. सही कर, नाहीतर सोमवारी येऊ नकोस, आम्ही दुसऱ्या कुणाची घेऊ, असं तो सुनावत राहिला.

“घ्या,” जयमाला म्हणाली. “पण आधी त्यालापण पाच माणसं द्या.”

तिने ‘यशस्वी’ शब्द खोडला. त्याखाली लिहिलं, ‘एक गेली, चार राहिले,’ आणि सही ठोकली. रितेशने कागद दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

पुढच्या लाँचला तास होता. तिने खिडकीची फळी वर केली. चंदाबाईचा अबोला काही सुटला नव्हता, पण मशीनकडे पाठ करून रांगेत पहिली तीच उभी होती.