चोवीस खणांचं कपाट

मी सुतार आहे आणि माझ्या कामाला नाव ठेवायची आजवर कुणाची टाप झाली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, हा म्हातारा अडाणी दिसतो. अडाणी नाही, दीडशहाणा आहे. अडाणी परवडला असता.

गुरुवारी सकाळी मी लेकीच्या कपाटाचा पहिला खण ओढला आणि भपकन आंबूस वास आला, व्हिनेगरच्या बाटलीचं बूच काढल्यासारखा. आत कापसाच्या गादीवर तिचे जीवाश्म मांडलेले. कधीकाळच्या समुद्रातले शिंपले आणि शंख, कुणी वाटाण्याएवढा, कुणी मुगाएवढा, प्रत्येकाखाली तिच्या अक्षरात नंबराची चिठ्ठी. आणि प्रत्येकावर पांढरी लव आलेली, शिळ्या पावावर येते तशी. दुसरा खण ओढला, तेच. तिसरा, तेच. चोविसाव्या खणापर्यंत तेच.

लेक परगावी शाळेत शिकवते, बदली शिक्षिका म्हणून. ती शनिवारी यायची होती. आणि रविवारी संग्रहालयातल्या बाई येणार होत्या, एक नंबरचा शिंपला न्यायला. महिन्याभरापूर्वी त्याचा फोटो बघून त्यांनी कळवलं होतं की असा शिंपला अजून कुणाला सापडलेला नाही. शिंपल्याचं झाकण जिथे जुळतं त्या सांध्यावरचे बारीक दात शाबूत असतील, तर त्याची रीतसर नोंद होईल आणि लेकीला संग्रहालयात कायमची नोकरी मिळेल. सगळं त्या दातांवर होतं. मुगाएवढ्या शिंपल्याच्या दातांवर!

तो शिंपला मीच आणलेला. ती सात वर्षांची असताना एका खाणीच्या कचेरीला दारं बसवत होतो. तिथल्या मातीत काहीतरी चमकलं, खिशात टाकलं आणि विसरलो. घरी येऊन खिसा झटकला तर भुशाबरोबर तो जमिनीवर पडला. पोरीनं उचलला आणि तिथून तिला वेड लागलं. मी तिला दगडूबाई म्हणायचो. पुढे कॉलेजात तिनं हाच विषय घेतला, तेव्हा माझं डोकं फिरलं. ‘दगडं विकून पोट भरणार का?’ म्हणालो आणि दोन वर्षं तिच्याशी धड बोललो नाही. एका घरात, एका टेबलावर जेवून.

शेवटी माझं मलाच लाजिरवाणं झालं. पण तोंडानं माफी मागणाऱ्यातला मी नव्हे. पंधरा वर्षं जपून ठेवलेलं ओकचं लाकूड काढलं आणि चार महिने खपून हे कपाट केलं. चोवीस खण, सांधे असे की कागद सरकायचा नाही. तिचे शिंपले माझ्या हातानं त्यात मांडले. ती रडली. मला वाटलं, जिंकलो.

परगावी जाताना ती म्हणाली, “बाबा, खण रोज थोडे उघडे ठेवत जा हं. वारा लागू दे.”

“बरं,” म्हणालो. आणि मनात म्हणालो, पोरीला धुळीची अक्कल नाही. ती गेल्यावर प्रत्येक खणाच्या कडेला मखमलीची पट्टी चिकटवली. धूळ सोडा, मुंगीचा श्वास आत जायचा नाही.

महिन्याभरापूर्वी तिचा पुन्हा फोन. “बाबा, एक नंबर काढून प्लास्टिकच्या डबीत ठेवा.”

“ठेवतो,” म्हणालो. ठेवला नाही. माझं कपाट असताना डबीत? औषधाच्या गोळीसारखा?

तर गुरुवारी मला वाटलं ही बुरशी आहे. लाकडावर बुरशी आली की आम्ही मऊ ब्रशनं झटकतो. तसा एक शंख झटकला. पांढरी भुकटी निघाली आणि तिच्याबरोबर त्याच्या पाठीवरच्या सगळ्या रेघा निघाल्या. दुसरा झटकला, त्याला भोक पडलं. असे पाच वाया घालवले मी. तेव्हा बायकोनं माझा हात धरला.

“अहो, पुरे करा! त्या बाईंना फोन लावा.”

“कुठल्या तोंडानं लावू?”

“ज्या तोंडानं पोरीला खोटं सांगितलंत, त्याच.”

लावला. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, “कपाट कुठल्या लाकडाचं आहे?”

“अस्सल ओकचं,” मी म्हणालो. एवढं सगळं होऊनसुद्धा माझ्या आवाजात ताठा होता बघा.

मग बाई म्हणाल्या की ओकमधून आंबट वाफ निघते आणि ती शिंपल्यातला चुना खाते. खण घट्ट असेल तर वाफ आतच कोंडते. ही बुरशी नाही, शिंपलाच विरघळून वर आलाय. “सगळे बाहेर काढा, हात लावू नका, झटकू नका. गेलेलं परत येत नाही.”

दोन दिवस मी आणि बायको कापसासकट एकेक उचलून प्लास्टिकच्या डब्यांत ठेवत होतो. मी पट्ट्या ओरबाडून काढल्या, नखं सोलली. जेवण जाईना. एक नंबरकडे भिंग घेऊन पंचवीसदा पाहिलं, पण त्या पांढऱ्यातून दात आहेत की नाहीत ते दिसेना. देवा, माझे दात घे, सगळे घे, म्हणालो. तसेही चारच उरलेत.

शनिवारी लेक दारातून आत आली, तिनं डबे पाहिले आणि पिशवी खांद्यावरच ठेवून उभी राहिली. मी सगळं सांगून टाकलं. पट्ट्या, डबी, ब्रश. काही लपवलं नाही.

“ओक वाईट असतं हे मला माहीत होतं, बाबा,” ती म्हणाली. “पहिल्या महिन्यातच वास आला होता.”

“मग बोलली का नाहीस?” मी ओरडलोच. “सरळ सांगायचं ना!”

“कशी सांगणार? दोन वर्षांनी तुम्ही माझ्याशी बोललात. एकेक शिंपला हातात घेऊन विचारत होतात, हा कुठला, तो कुठला. मला वाटलं, खण उघडे राहिले तर निभावेल.”

मला सांगायलासुद्धा माझी पोर घाबरत होती.

तिनं चिमट्यानं एक नंबर उचलला. अर्धाच वर आला. उरलेला अर्धा कापसात राहिला, चिमूटभर पीठ होऊन. वर आलेल्या अर्ध्यात दात नव्हते. तिनं भिंगातून तीनदा बघितलं, मग बाईंना फोन करून सांगितलं की उद्या येऊ नका.

मी हातोडा आणला आणि कपाटावर उगारला. ती मध्ये येऊन उभी राहिली.

“राहू द्या. आता आत काही नाही, ते कुणाचं काय बिघडवणार?”

हातोडा माझ्या हातात तसाच होता. उभ्या जन्मात मी कुणाला विचारलं नव्हतं ते तिला विचारलं. “आता काय करू, सांग. तू म्हणशील तेच करतो.”

तिला हुंदका आला. डोळे पुसत ती म्हणाली, “खिडकी उघडा, बाबा.”

मी उघडली.