शून्याचं भोक

“या तेराच्या पट्टीला पहिल्याच घरात भोक का नाही गं?” मर्वने पट्टी खिडकीच्या उजेडात धरून विचारलं. त्याच्या बायकोच्या, एनिड पायबसच्या, हातातला टोस्ट हातातच राहिला.

एनिड होबार्टच्या बंदर कचेरीत भरती-ओहोटीची कोष्टकं मांडायची. तिचा आकडा चुकल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. अकरा महिने ती एका बारा अंकी संख्येच्या मागे होती. ती मूळ संख्या आहे, हे आज दुपारी दोनला गणित मंडळात सिद्ध करायचं होतं. चाराने भागून एक उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाच रीतीने मांडता येते. तिच्या संख्येची एक रीत एनिडला सापडली होती. दुसरी निघाली, की संख्या मूळ नाही; कुठेच नाही निघाली, तर मूळ. दुसरीच्या शोधात लाखो आकडे तपासायचे, म्हणून मर्वने पंच-यंत्राने पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडून दिली होती. भोकातून दिसेल तोच आकडा तपासायचा. तेराच्या पट्टीवर तेरा घरं : तेराने भागून उरणारी बाकी, शून्यापासून बारापर्यंत.

भोकं नेहमी जोडीने पडतात, एकाला बारा, दोनाला अकरा अशी. सहा भोकं, तीन जोड्या, सगळं कसं नीट दिसत होतं! पण पहिल्या घरातलं शून्य एकटं असतं, त्याला जोडीदार नसतो. तिथेच माशी शिंकली होती. दर तेरावा आकडा न पाहताच राहिला होता.

“कुणाला कळणारेय? बिनधास्त बोलून ये,” मर्व म्हणाला.

“मला कळलंय ना आता!”

तिने सुटलेल्या आकड्यांवर बाकीच्या पट्ट्या लावल्या. दीडपर्यंत चारशे आठ आकडे शिल्लक राहिले.

सभागृहात वीस जण होते. एनिड ताठ उभी राहिली.

“मी शून्य विसरले. संख्या मूळच आहे, पैज लावा. पण सिद्ध झालेलं नाही. हे चारशे आठ आकडे राहिलेत. वीस-वीस वाटून घ्या, वरचे आठ माझे.”

“बंदराच्या बाई चुकल्या? आज जहाजं चिखलात रुतणार म्हणायची!” स्केग्स ओरडले. जहाजावर तीस वर्षं खजिनदारी केलेला हा माणूस तिला टोमणा मारल्याशिवाय चहा पीत नसे.

“बडबड पुरे. पेन्सिल घ्या.”

चहा गार झाला. साडेचारला स्केग्सनी हात वर केला. या वेळी ते हसत नव्हते.

“बाई... एकदा तुम्हीच बघा.”

एनिडने पाहिलं. संख्येतून त्यांच्या आकड्याचा वर्ग वजा करून उरला तोही पूर्ण वर्गच होता : दुसरी रीत. अकरा महिने तिने त्या संख्येला जीव लावला होता. तरी ती फळ्याकडे गेली. दोन्ही रीतींवरून दोन अवयव काढले, सगळ्यांसमोर त्यांचा गुणाकार केला. बाराही अंक जुळले. खाली तिने वळणदार अक्षरात लिहिलं : शोधक – एल. स्केग्स.

“अहो, माझं नाव कशाला? सगळं काम तुमचं,” स्केग्स पुटपुटले.

“सापडलं तुम्हाला. पुढची संख्या मी सोमवारी घेते.”

मर्व दाराशी टोपी हातात घेऊन थांबला होता. तिने त्याच्याकडून पंच मागून घेतला, तेराच्या पट्टीच्या पहिल्या घरात भोक पाडलं आणि पट्टी डब्यात अकरा आणि सतराच्या मधे ठेवली.