तानाजीच्या चेहऱ्यावरचा उजेड

तळहातात मावणारा, डोक्यावर पांढरा घुमट असलेला मी एक जुना प्रकाशमापक आहे, मित्रांनो. कॅमेरा दुरून बघतो. मला मात्र माणसाच्या थेट हनुवटीपाशी धरतात. तिथे किती उजेड पडतो, ते माझा काटा दाखवतो. म्हणूनच मी असा चौकस. हा कोण? कुठला? डोळे का बारीक करतोय?

माझी मालकीण मॉरीन इंग्लंडची. कष्टकऱ्यांचे फोटो काढत ती देशोदेशी हिंडायची. १९९२ साली मला गळ्यात अडकवून ती ओमानला आली. सलालाहच्या नारळबागांत, बंदरावर मी किती चेहरे जवळून पाहिले! "याच्याशिवाय माझं पान हलत नाही," असं ती कौतुकाने सांगायची.

दोन वर्षांनी मस्कतमधल्या बौशरला एका इमारतीच्या परांचीवर तानाजी भेटला. रत्नागिरीकडचा गवंडी. मॉरीनचं बोलणं समजावून सांगायला वसईचा कॉनराड सोबत असे. तो एका हॉटेलात नोकरीला होता.

"हे काय, ताप बघायचं मशीन?" मला पाहून तानाजीने विचारलं.

"उन्हाचा ताप बघतात याने," कॉनराड हसून म्हणाला.

माझा काटा पार टोकाला गेला. पण फोटो असा आला, की बघत राहावं! डोक्याला फडकं, अंगभर सिमेंट आणि रोखून बघणारे डोळे.

लंडनच्या एका मासिकाने तो मुखपृष्ठासाठी मागितला. मॉरीनच्या आयुष्यातलं ते पहिलंच मुखपृष्ठ. ती हरखून दार्सैतला तानाजीच्या खोलीवर गेली. बातमी ऐकून त्याचा चेहरा मात्र उतरला.

"नको. आयेला सांगितलंय, मी हापिसात बसतो. इथं गावाकडच्या कोणी बघितलं, तर सुट्टीत गावी जाऊन तिला सांगेल."

"मॅडम, छापून टाका. असा चान्स परत येत नाही," कॉनराड हळूच इंग्रजीत म्हणाला.

मॉरीनने नकारार्थी मान हलवली. "तो नको म्हणतोय ना? खलास."

मासिकाने तिला पुन्हा कधी काम दिलं नाही. पुढे मॉरीनने नवा कॅमेरा घेतला, तो उजेड स्वतःच मोजायचा. मी खणात पडलो. कोणाचे चेहरे दिसेनात, करमेना.

२००४ साली मस्कतमध्ये मॉरीनच्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं. तिने तानाजीला पुन्हा विचारलं. तो आता मुकादम झाला होता, आई गंगुबाईला महिनाभरासाठी इकडे घेऊन आला होता.

"लावा," तो म्हणाला. "आयेला मीच दाखवतो."

मला त्या फोटोशेजारच्या काचपेटीत ठेवलं होतं. त्यामुळे सारं दिसलं. गंगुबाई फोटोसमोर उभी राहिली. तानाजी खाली बघत म्हणाला, "आये, मी खोटं बोललो होतो."

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "पयल्या सुट्टीत आलास, तवा हात धरला होता की तुझा. हापिसातल्या मानसाचे हात असे असतात?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुला सांगायचं आसंल तवा सांगशील, म्हटलं."

कॉनराडने तिचं बोलणं मॉरीनला समजावून सांगितलं. मॉरीनने म्हातारीचा हात हातात घेतला, आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

मित्रांनो, आता तुमच्या खिशातल्या फोनलाही कॅमेरा आहे. खुशाल फोटो काढा. पण ज्याचा काढाल, त्याला आधी विचारा. आणि तो नको म्हणाला, तर थांबा.