उताराची गाडी

रात्सिंबाला मादागास्करमधल्या अंतानानारिव्होतला प्रत्येक उतार पाठ होता. चर्चला तो वरच्या वाडीतल्या जायचा, कारण तिथला पाद्री रटाळ असला तरी दारातला रस्ता झकास घसरता होता. दाताचा डॉक्टरही त्याने उतार बघूनच निवडला होता. दात जरा वाकडे बसले, पण गाडी कधी अडली नाही.

गाडी म्हणजे जुनी फ्रेंच दोशव्हो, दुधात चहा जास्त झाल्यासारख्या रंगाची. किल्ली फिरवली की सपाटीवर ‘टिक्’ एवढंच म्हणायची आणि गप्प. म्हणून रात्सिंबा ती नेहमी उतारावर, तोंड खाली करून लावायचा. चाकाखालचा दगड काढायचा, गाडी घरंगळू द्यायची, क्लच सोडायचा. किल्लीने ती सुरू करून बघण्याचा नाद त्याने कधीच सोडून दिला होता. हँडल मारायची सोय होती, पण हँडल चोरीला गेलं होतं. शिवाय गाडी एका बाजूला कलायची. बायको वाहांगी त्याच बाजूला बसायची, त्यामुळे या विषयावर घरात चर्चा होत नसे.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग मुलगा त्सिरी प्रेमात पडला, तोही खालच्या भातखाचरांच्या वस्तीतल्या हाइंगोच्या. तिथली जमीन ताटासारखी सपाट.

“जगात डोंगरावर मुली नव्हत्या?” रात्सिंबा म्हणाला.

“बाबा, मी मुलगी बघितली. जमीन नाही बघितली.”

त्यात मुलीचा काका राबेआरी. माणूस वजनदार, सगळ्याच अर्थांनी. त्याला हे स्थळ पसंत नव्हतं. बोलणी करायला माणसं गेली तेव्हा त्याने एकच अट घातली. मागणी झाली की मुलगी सासरच्या स्वतःच्या गाडीतून, आमच्या दारातून, दुपारच्या आत निघेल. गाडी उसनी नको, ढकललेली नको. “नाहीतर राहू द्या. ज्यांची गाडी चालत नाही, त्यांचा संसार काय चालणार?”

रात्सिंबाने गाडी झाफी मिस्त्रीकडे नेली. झाफीचं गॅरेज उतारावर; गाडी नेहमीसारखी तोंड खाली करून लावलेली. त्याने किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली.

“काय बिघडलंय, साहेब?”

“ती सुरू होत नाही.”

“हे काय मग, रेडिओ वाजतोय?”

रात्सिंबाने खाली सपाटीवर नेऊन दाखवलं. टिक्. झाफीने बॅटरी बदलली, गाडी ढकलत वर आणून बघितली, सुरू. सपाटीवर टिक्. स्टार्टर खोलला, घासला, बसवला. वर सुरू, खाली टिक्. संध्याकाळपर्यंत दोघे नवराबायकोसारखे एकमेकांशी बोलेनासे झाले. शेवटी झाफीने निदान गाडीवरून माणसावर नेलं.

“तुम्ही सपाटीवर घाबरता, साहेब. गाडीला कळतं.”

पण हात रिकामा राहू नये म्हणून त्याने स्प्रिंगची दांडी आवळून कललेली बाजू उचलून दिली. गाडी पहिल्यांदाच सरळ उभी राहिली आणि वाहांगी पहिल्यांदाच झाफीबद्दल चांगलं बोलली.

मागणीच्या दिवशी सकाळी दाट धुकं. रात्सिंबाने दिवे लावले आणि घरंगळत, धडधडत खाली पोचला. इंजिन चालूच ठेवायचं, हा त्याचा बेत. पाच मिनिटांत राबेआरी दारात आला.

“व्याही, ते यंत्र बंद करा. म्हाताऱ्यांना भाषण ऐकू येणार नाही.”

नाइलाजाने त्याने इंजिन बंद केलं. गडबडीत दिवे मात्र तसेच राहिले.

मागणीची भाषणं सुरू झाली. रिवाजाप्रमाणे रात्सिंबाच्या बाजूच्या वक्त्याने बोलण्याचं धाडस केल्याबद्दल क्षमा मागितली. मुलीकडच्या वक्त्याने ती ऐकून घेण्याचं धाडस केल्याबद्दल क्षमा मागितली. मूळ मुद्दा अजून अंगणातही आला नव्हता. रात्सिंबा खिडकीशी बसून पाय हलवत होता. बाहेर गाडीचे दिवे मिणमिणत होते, बॅटरी संपत चालली असं त्याला वाटत होतं, आणि वडीलधारे बोलत असताना उठता येत नव्हतं.

“पाय थांबवा,” वाहांगी पुटपुटली. “बाक हलतोय.”

इतक्यात मुलीची जाडजूड आत्या चपलेचा पट्टा नीट करायला गाडीच्या मडगार्डवर टेकली. पुढची बाजू खाली दबली आणि दिवे लख्ख झाले. आत्या उठली, दिवे मंदावले. पट्टा बसला नव्हता. ती पुन्हा टेकली. लख्ख.

रात्सिंबाचा पाय थांबला. कुठली तरी वायर ढिली होती आणि पुढे भार आला की चिकटत होती. उतारावर गाडीचं नाक खाली, म्हणून भार पुढे. एवढ्या एका वायरीपायी इतकी वर्षं तो गाडी घरंगळवत आला होता. ते कळल्याचा आनंद करावा की दाताच्या डॉक्टरला शिव्या द्याव्यात, हे त्याला ठरवता येईना.

होकार मिळाला. भात आणि डुकराचं मटण घाईत उरकून सगळे बाहेर आले. सूर्य माथ्यावर येत होता. मुलगा आणि सून मागे बसले. रात्सिंबाने आधी दिवे बंद केले, मग किल्ली फिरवली. टिक्.

रात्सिंबाने अंगणात आत्याला शोधलं. आत्या आत, दुसऱ्यांदा जेवत होती.

“काय झालं, व्याही?” राबेआरीने हात मागे बांधले. “गाडीलाही क्षमा मागायची आहे का?”

लोक हसले. रात्सिंबा खाली उतरला, टोपी काढली.

“दादा, चूक आमची. घरातल्या वडील पुरुषाने आशीर्वाद दिल्याशिवाय मुलगी न्यायची नसते. आमच्यात गाडीवर बसून देतात.”

“गाडीवर?”

“इथे. मडगार्डवर. आमच्या आजोबांपासून आहे. अर्थात तुम्हाला जमणार नसेल तर…”

न जमणं राबेआरीला माहीत नव्हतं. तो बसला. गाडीने नाक जमिनीला लावल्यासारखं केलं. रात्सिंबा आत शिरला आणि किल्ली फिरवली. इंजिन असं पेटलं की राबेआरी आशीर्वादाच्या मधल्याच शब्दावर उठला.

वस्ती मागे पडली. मग हाइंगो पुढे वाकली.

“बाबा, तुमच्या आजोबांच्या वेळी गाडी होती?”

“नव्हती.”

“मग माहेरी भेटीला येऊ तेव्हा परत कसं निघायचं?”

“वायर बघतो,” रात्सिंबा म्हणाला. गियर बदलून चढ घेतल्यावर त्याला पुढचं सुचलं. “पण तोवर काकांना कळवून ठेव. आम्ही निघायच्या आधी पोटभर जेवा म्हणावं.”