कोलूवरची पिवळी धूळ

सकाळी कमलाक्षीने नवरात्रासाठी पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेल्या कोलूवरच्या सगळ्या देवादिकांच्या बाहुल्या पुसल्या होत्या. संध्याकाळी दिवा लावायला आली, तर दशरथाची चारही मुलं पुन्हा पिठात घोळल्यासारखी! यंदाच्या नवरात्रात हे रोजचंच होऊन बसलं होतं आणि हे कोणाचे उद्योग, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

तिचा नवरा वेंकटराव तंजावुरात बँकेत नोकरीला. बाजारात परदेशी यंत्रं सहज मिळू लागली, तसा तो मद्रासला जाऊन लाकडाला नक्षीदार कडा पाडणारं विजेचं राउटर घेऊन आला आणि घराच्या मागच्या खोलीत तंजावूर चित्रांच्या चौकटी करू लागला. चौकटी सुरेख होत, त्याबद्दल वाद नाही. पण राउटर फिरलं की सागवानाची बारीक धूळ उडे आणि ती आपल्या नाकात जाऊ नये म्हणून हा शहाणा पाठीशी टेबलफॅन लावून बसे. समोरचं दार उघडे ते थेट घरात! त्यामुळे त्याची खोली स्वच्छ. रसम, देव्हारा, वाळत घातलेले तांदळाचे वडाम मात्र पिवळे.

ती बोलली की उत्तर ठरलेलं, झाडू कशाला आहे? धूळ उडवायची त्याने आणि झाडायची हिने, अशी वाटणी त्याने परस्पर करून टाकली होती. दारावर आलेल्या विक्रेत्याकडून घेतलेला व्हॅक्यूम क्लीनर घरात होता, पण तो बैठकीत भरतकामाच्या रुमालाखाली शोभेला ठेवलेला. वापरला तर जुना दिसेल ना!

तेवढ्यावर भागलं असतं, तर कमलाक्षीने तेही सोसलं असतं. पण मुलगी जननी, दरवर्षी कोलूसमोर गाणारी, यंदा गाण्याच्या पहिल्याच ओळींना, पल्लवीलाच, खोकू लागे. रात्री तिची छाती शिट्टीसारखी वाजे. वेंकटरावाने आइस्क्रीमवर खापर फोडलं. घरात धूळ असते का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाला, आमचं घर दोनदा झाडतात. कमलाक्षीला तिथेच कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

मूळ नक्षत्रावर सरस्वती बसली. त्यांच्या रिवाजाप्रमाणे पुस्तकांबरोबर हत्यारंही पूजेला ठेवायची आणि विजयादशमीपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वेंकटरावाने दात घासायच्या जुन्या ब्रशाने राउटरची फट न् फट साफ केली. मोटारीत धूळ गेली तर यंत्र जळतं, हे बायकोला समजावूनही सांगितलं. मग हळदकुंकू, झेंडूची माळ. घर शांत झालं. पुसलेल्या बाहुल्या पुसलेल्याच राहिल्या आणि जननीच्या छातीतली शिट्टी हळूहळू विरली.

विजयादशमीला पापनाशमहून थोरले दीर हनुमंतराव आले. शाळेतून निवृत्त झालेले, घरादाराचे अण्णा. जननी गायला बसली आणि किती दिवसांनी आवाज मोकळा सुटला! अण्णा डोळे मिटून ताल धरत होते. तेवढ्यात, मुहूर्ताला यंत्र चालवायलाच हवं, म्हणून वेंकटरावाने मागे राउटर सुरू केलं. सवयीने फॅनही लावला. चरण येईतो पिवळा धुरळा कोलूपर्यंत पोचला. जननी अडखळली, खोकू लागली, मग तिला श्वासच घेता येईना.

कमलाक्षीने तिला उचलूनच पुढच्या अंगणात नेलं, डॉक्टरांनी दिलेलं औषध तोंडाशी धरलं. पोरीचा श्वास जरा सुरळीत झाल्यावर ती आत आली आणि तिने घराची वीजच बंद केली.

"यंत्र पूजेत होतं तोवर पोर बरी होती," यंत्र का थांबलं ते बघायला बाहेर आलेल्या नवऱ्याला ती म्हणाली. "सांगा अत्ता, आइस्क्रीम कोणी खाल्लं?"

वेंकटराव पुटपुटला, रोज झाडतात की. अण्णांनी हातातली प्रसादाच्या उसळीची, सुंडलची वाटी खाली ठेवली.

"वेंकटा, मोटारीत धूळ जाता नये म्हणून ब्रश घेऊन बसलास. पोरीच्या छातीत गेली ती कोण्या ब्रशाने काढशील? जी बारीक धूळ डोळ्याला दिसत नाही, ती झाडूला सापडत नाही, श्वासाला सापडते. लाकडातून निघते तिथेच धर तिला. अणी तूच धर. छंद तुझा अहे, धूळही तुझीच."

वेंकटरावाने दाराकडे पाहिलं. बाहेर भिंतीला टेकून बसलेली जननी अजून धापा टाकत होती. त्याच्या मनात आलं, यंत्राची जेवढी काळजी घेतली, तेवढी आपण हिची घेतली नाही!

दुसऱ्या दिवशी भरतकामाचा रुमाल उतरला. व्हॅक्यूम क्लीनर मागच्या अंगणात ठेवून त्याची नळी खिडकीतून आत घेतली आणि जुन्या सायकलच्या ट्यूबने राउटरच्या बुडाशी, पात्यालगत बांधली. घराकडचं दार बंद. फॅनचं तोंड आता अंगणाकडे, नाकाला फडकं. काम संपलं की वेंकटराव स्वतः ओल्या फडक्याने खोली पुसू लागला. कमलाक्षीने शाबासकी वगैरे दिली नाही. "त्या कोपऱ्यात राहिलं अहे," एवढंच ती म्हणाली आणि तो निमूटपणे कोपऱ्याकडे वळला.

बंधुभगिनींनो, लाकूड कापलं की धूळ निघणारच. पण आपल्या हौसेचा कचरा दुसऱ्याच्या श्वासात लोटायचा हक्क आपल्याला कोणी दिला? तो आपणच, निघेल तिथेच आवरला पाहिजे. वेंकटरावाला हे उशिरा कळलं, पण कळलं. पुढच्या नवरात्रात जननी पल्लवीपासून शेवटच्या चरणापर्यंत गायली आणि मागची खोली तोवर बंद होती.