ठेवू का पुसू?

लोणारच्या सरोवराच्या काठावर उभी राहून सबीहा आपलं रेशनकार्ड शोधत होती.

रेशनकार्ड तिच्या पिशवीत नव्हतं, ती मुक्कामाला आली होती त्या माहेरच्या घरातही नव्हतं. ते होतं जानेफळला, तिच्या घरी, शिवणयंत्राखाली ठेवलेल्या एका जुन्या काँप्युटरच्या पोटात. उन्हात फोनवरचं दिसेना म्हणून तिनं ओढणीचा आडोसा केला. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. एक गोल बराच वेळ नुसता फिरत राहिला. मग वरून खाली, पडदा सुटावा तसं रेशनकार्ड उलगडलं. कोपऱ्यातला तेलाचा डागसुद्धा जसाच्या तसा.

"आलं!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारी फोटो काढत असलेलं जोडपं दचकलं.

तिनं लगेच नवऱ्याला फोन लावला. गफ्फार जानेफळला ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा. काय आलं, म्हणून त्यानं विचारलं. रेशनकार्ड, ती म्हणाली. कुठून? घरातून. मग त्यानं विचारलं, तसं असेल तर कपाटात आहे ते काय आहे?

"ते बी हायेच," सबीहा म्हणाली आणि हसत सुटली. आपल्याला हे नीट समजावून सांगता येणार नाही, हे तिला तेव्हाच कळलं होतं. पण जमलं होतं, एवढं खरं.

जानेफळच्या बसस्टँडसमोर सबीहाचं झेरॉक्सचं दुकान होतं. बारा वर्षं ती लोकांचे कागद काचेवर पालथे घालत आली होती. दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, मृत्यूचा दाखला, लग्नाची पत्रिका. कागद वाचायची तिला खोड होती. कोणाचं जन्मगाव कोणतं, कोणाच्या आजोबाचं खरं नाव काय, हे तिला तलाठ्याच्या आधी माहीत असायचं. लोक मूळ कागद काचेवरच विसरून जायचे. ते ती एका फाइलीत जपून ठेवायची, आणि वर्षभरानं कोणी घाबरंघुबरं होऊन आलं की मुकाट्यानं पुढे करायची.

मग ते कपाशीचं वर्ष आलं. बीटी बियाणं आल्यापासून बोंडअळी संपली, असंच सगळे धरून चालले होते. त्या वर्षी बोंडं चांगली टपोरी दिसत होती आणि फोडली की आत गुलाबी अळी. दिवाळीनंतर तर लोकांनी उभ्या पिकात ढोरं सोडली. सरकारनं तक्रारी मागवल्या. अर्जासोबत सातबारा हवा, बियाण्याचं बिल हवं, पाकिटावरचा टॅग हवा. सबीहाच्या दुकानापुढे सकाळपासून रांग लागायला लागली.

बिलं बहुतेक कार्बनची. खिशात, घामात, पत्र्याच्या डब्यात राहून पार फिक्की झालेली. झेरॉक्सच्या मशीनला ती दिसेचनात. म्हणून सबीहा ती स्कॅन करायची, काँप्युटरवर अक्षरं गडद करायची आणि मग छापायची. अशा रीतीनं गावाचे कागद तिच्या काँप्युटरमध्ये साठत गेले. कोणी ठरवून ठेवले नव्हते.

"राहू दे तुह्या डब्यात," पुष्पाबाई म्हणाल्या होत्या. साठीच्या पुष्पाबाई चार एकर एकटीच्या जिवावर कसायच्या. "माह्या घरी उंदरं लय झालेत. इथं तरी उंदीर नाई शिरत."

अडचण वेगळीच निघाली. माणूस मेहकरच्या कचेरीत उभा असायचा आणि तिथून फोन यायचा, माह्या बिलाचा फोटो धाड. सबीहा दुकानात असली तर ठीक. ती घरी असली, लोणारला आईकडे असली, तर दुकानाला कुलूप आणि कागद आत.

तिचा भाऊ अकील औरंगाबादला एका दवाखान्यात काँप्युटर सांभाळायचा. त्यानं दोन वाटा सांगितल्या. एक सोपी. मोठ्या कंपन्या जागा देतात, कागद त्यांच्याकडे ठेवायचे, कुठूनही उघडायचे.

ती मशीन कुठं असते, सबीहानं विचारलं. ते नक्की सांगता येत नाही, अकील म्हणाला. सिंगापूरला असेल, नाहीतर आणखी कुठं.

"पुष्पाकाकूचा सातबारा सिंगापूरले?" सबीहाला आधी हसू आलं. नंतर मात्र ती विचारात पडली.

अकीलनं काही लपवलं नाही. आपा, त्यांची कुलपं तुझ्यापेक्षा पक्की असतात, तो म्हणाला. त्यांची लाइट कधी जात नाही, तुझी दिवसातून चारदा जाते. दुसरी वाट म्हणजे एक जुना काँप्युटर आपल्या घरात ठेवायचा, कागद त्यात हलवायचे आणि बाहेरून यायला त्याला एक दार करायचं. पण मग राखण तुलाच करावी लागेल. चुकलं तर दोष द्यायला दुसरं कोणी नाही.

सबीहानं दुसरी वाट धरली. खरं सांगायचं तर सिंगापूरच्या भीतीपेक्षा ते दार कसं करतात हे बघायचीच तिला जास्त उत्सुकता होती. दीड महिना रोज दुपारी दुकान बंद करून ती अकीलशी फोनवर बोलत त्या यंत्रापुढे बसायची. तेव्हा तिला कळलं की आपल्या ब्रॉडबँडचा पत्ता सारखा बदलतो. आज एक, उद्या दुसराच. म्हणून एक कायमचं नाव घ्यायचं, आणि पत्ता बदलला की यंत्रानंच त्या नावाला नवा पत्ता कळवायचा. राऊटरला सांगायचं की या दारानं आलेल्या पाहुण्याला फक्त या खोलीत ने, बाकी घर दाखवू नको. ज्याला हवं त्याच्यासाठी तिनं वेगळा कप्पा केला, त्याला वेगळा पासवर्ड दिला. आठवड्यातून एकदा सगळ्याची नक्कल एका छोट्या डिस्कवर काढून ती कपाटात ठेवू लागली.

लोणारला रेशनकार्ड उघडलं ते याच दिवसांत.

जानेवारीत पुष्पाबाईंना बुलढाण्याला सुनावणीला बोलावलं. सबीहा त्या दिवशी टोनर आणायला मेहकरला गेली होती. साडेअकराला फोन वाजला.

"सबीहा, हे साहेब म्हणते का माह्या टॅगवरचा नंबर अन् बिलावरचा नंबर जुळत नाई. झेरॉक्स पुसट हाये म्हणते. आता काय करू व?"

"काकू, त्या बाबूजीच्या काँप्युटरवर उघडता येते. म्या लिहून देल्लेला कागद हाये न जवळ? तो द्या त्याईले."

लिपिक भला माणूस होता. त्यानं नाव टाकलं. ते उघडेपर्यंत पासवर्डही विचारून घेतला. पुष्पाबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. पासवर्ड म्हणून त्यांनी आपल्या गाईचं नाव ठेवलं होतं, आणि ते साहेबांपुढे मोठ्यानं सांगायची त्यांना लाज वाटत होती.

"उघडून नाई राह्यलं," लिपिकाचा आवाज आला.

तिनं गफ्फारला फोन लावला. जानेफळची लाइट अर्ध्या तासापासून गेली होती. यूपीएस कधीच मान टाकून बसला होता. मग गफ्फारनं दुकानातली एका गिऱ्हाइकाची भरून ठेवलेली बॅटरी खांद्यावर घेतली, आपला जुना इन्व्हर्टर काखेत मारला आणि घर गाठलं. मेहकरच्या स्टेशनरीच्या दुकानात सबीहा एका स्टुलावर बसून होती. दुकानदारानं टोनर पुढे ठेवला, तो तिनं बघितलाही नाही. फोनवर गफ्फार एकेक वायर सांगत होता. लाल जोडली. काळी जोडली. हिरवा दिवा लागला.

पंधरा मिनिटांनी पुष्पाबाईंचा फोन आला. आपण कचेरीत आहोत हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

"अवं आला! माह्या घरचा कागद इथं आला व! लिव्हलेलं सारं दिसून राह्यलं. साहेबानं चष्मा काढून पाह्यलं, नंबर बराबर जुळला!"

ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. आणि ती हिंमतरावांच्या कानावर गेली.

हिंमतराव म्हणजे गावातल्या कृषी केंद्राचे मालक. बहुतेकांनी बियाणं त्यांच्याकडूनच नेलेलं. तक्रारी सुरू झाल्या तेव्हा त्यांनी एकोणीस जणांकडून मूळ बिलं आणि टॅग गोळा केले होते. कंपनीला दाखवून भरपाई आणतो, म्हणाले होते. ते कागद परत आले नाहीत. विचारलं तर गाडीत कुठंतरी पडले, असं उत्तर. त्या एकोणीस जणांचा पुरावा आता एकाच ठिकाणी उरला होता, सबीहाच्या शिवणयंत्राखाली.

हिंमतराव दुकानात आले, खुर्ची ओढून बसले, स्वतःच चहा सांगितला.

"सबीहाबाई, माह्या दुकानाची बिलं तुमच्या काँप्युटरात कायले पाह्यजेत? व्यापाराच्या गोष्टी असतेत. पुसून टाका. मी काही परका नाई. हा गाळा बी आपलाच हाये."

सबीहाच्या दुकानाचा गाळा त्यांच्या चुलतभावाचा होता. तिला ते सांगायची गरज नव्हती.

"इचारून सांगते," ती म्हणाली.

"कोणाले इचारता? गफ्फारभाईले?"

"ज्याईचे कागद हायेत त्याईले."

दुसऱ्या दिवसापासून सबीहा एकेकाच्या घरी जाऊ लागली. तुमचा कागद माझ्याकडे आहे. ठेवू का पुसू? एवढाच प्रश्न. तिला वाटलं होतं, सगळे तिच्या पाठीवर हात ठेवतील. पण रुखमाबाईंनी अंगणातच सुनावलं.

"आमाले न इचारता ठेवलाच काऊन? माह्या नवऱ्याचं आधार, माह्या घरचं सारं तुह्या घरात. अन् आता इचारून राह्यली?"

बारा वर्षांत सबीहानं कोणालाच विचारलं नव्हतं. मूळ कागद जपून परत करायची, पण त्याआधी वाचायचीही. ती ओट्याच्या कडेवर तशीच उभी राहिली. "चुकलं माह्यं," म्हणाली. रुखमाबाई म्हणाल्या, "बिल ठेव. बाकी पुस." घरी येऊन सबीहानं आधी ते काम केलं.

एकानंही बिल पुसायला सांगितलेलं नाही, हे तिनं हिंमतरावांना सांगितलं. ते आवाज न चढवता म्हणाले, पाडव्यापर्यंत गाळा खाली करा. पाडव्याच्या आधीच झेरॉक्सचं मशीन गफ्फारच्या दुकानात, बॅटऱ्यांच्या शेजारी गेलं. तिथं ॲसिडचा वास यायचा. गिऱ्हाइकं आधी नाक मुरडायची, मग सवय झाली.

त्या नकलांवर प्रतिज्ञापत्रं जोडून तक्रारी दाखल झाल्या. पुढे उन्हाळ्यात चौकशी होऊन कृषी केंद्राचा परवाना एका हंगामापुरता थांबवला गेला. भरपाईचं प्रकरण मात्र लांबतच राहिलं. दाखल झालेल्या तक्रारी अठरा होत्या.

एकोणिसावे जानराव. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "सांगतो." दाखल करायच्या आदल्या दिवशी, बाजार उठत आला असताना ते दुकानात आले. सत्तरीचा माणूस. चप्पल बाहेर काढूनच आत आले.

"बाई, माह्यं ते बिल पुसून टाक."

"काका, उद्या दाखल करून राह्यले सारे. पुसलं तं मंग कुठंच नाई राहणार."

"हाव. तेच म्हणतो. माह्यी लहानी पोरगी त्याईच्या घरात देल्ली हाये. हिंमतरावाच्या पुतण्याले. कालचा फोन होता तिचा. रडून राह्यली होती."

सबीहाला पुष्कळ बोलायचं होतं. या माणसाचं सहा एकरांतलं पांढरं सोनं तिनं डोळ्यांनी काळं पडलेलं पाहिलं होतं. त्यांचं बिल सगळ्यांत स्वच्छ होतं, नंबर न् नंबर वाचता येत होता. पण विचारायला आपणच गेलो होतो. तिनं घरच्या कपाटातली डिस्क मागवून घेतली, त्यांनाही दिसावं म्हणून खुर्ची जरा सरकवली. दुकानातल्या काँप्युटरवर जानरावांचा कप्पा उघडला. बिल उघडून दाखवलं.

"हेच न?"

जानराव वाकून बघत राहिले. आपलं नाव त्यांनी बोटानं, काचेला न टेकवता, वाचलं. "हेच."

तिनं ते घरच्या काँप्युटरमधून काढलं, त्याच्या कचरापेटीतूनही काढलं, मग डिस्कवरूनही.

"गेलं?"

"गेलं, काका."

"मंग त्या जागी आता काय राह्यते?"

असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. तिनं अकीललाही विचारलं नव्हतं. "काहीच नाई," ती म्हणाली. "मोकळी जागा. उद्या दुसरं काही येऊन बसते तिथं."

"अस्सं," जानराव म्हणाले. वावराकडं बघावं तसे ते पडद्याकडे बघत होते. मग उठले, बाहेर जाऊन चप्पल पायात घातली. दोन पावलं गेले आणि वळून दाराशी आले.

"सातबारा ठेव माहा तिथं," ते म्हणाले. "तो नको पुसू."