चालू करून देणारा माणूस

"अहो काका, चांगलं चाललेलं मशीन बिघडवताय कशाला?" मालकीणबाई ओरडल्या.

बाबांनी पाना फिरवला होता. मशीनमधून पडणारे कागदी कप आता पाणी भरताच तळाशी गळू लागले. "ताई, करा दुरुस्त," असं मशीनवरच्या बाईंना सांगून ते हात मागे बांधून उभे राहिले.

त्यांचा विसरलेला चष्मा घेऊन आलेली लेक दाराशीच थांबली. बाबांची ही रीत तिला ठाऊक होती. कुणी नवा धंदा काढला की मशीन बसवायला त्यांना बोलावणं येई. माल नीट निघू लागला की ते आपल्या हातानं बिघाड करत, कामगाराकडून तो दुरुस्त करून घेत आणि उद्घाटनाची वाट न बघता पुढच्या कामाला लागत. रीत माहीत होती, पण पटत नव्हती. साठी उलटलेला माणूस, ना पगार, ना रजा. वडील काय करतात असं कुणी विचारलं, की "घरीच असतात," म्हणून ती विषय बदलायची.

"तुम्ही तरी समजवा," मालकीणबाई तिला म्हणाल्या. "कायमचे राहा म्हणतेय, तर ऐकतील तर शपथ."

"राहा ना, बाबा. किती दिवस हे विंचवाचं बिऱ्हाड?"

"घर उभं राहिलं की टेकू काढतात, पोरी. ठेवला तर येता-जाता डोक्याला लागतो."

"तुम्ही टेकू कुठले, खांब आहात आमचा!" मालकीणबाई म्हणाल्या.

"खांब या ताई. घाम फुटलाय, पण पाना सोडलाय का बघा!"

मशीनवरच्या बाई हसल्या. कप गळतच होता.

"उद्या जमेल," बाबा म्हणाले. मग लेकीकडे वळून हळूच, "नोकरीचंही उद्या बोलू. तोंड नको पाडू."

सकाळी ते उठलेच नाहीत.

आठवड्यानं ती त्यांची हत्यारं न्यायला गेली, तेव्हा मशीन धडधडत होतं.

"मी दुसरा माणूस बोलावणार होते," मालकीणबाई म्हणाल्या. "पण या मशीनवरच्या ताई हटूनच बसल्या. म्हणे, काकांनी हे माझ्यावर सोडलंय."

माल बघायला आलेला व्यापारी पाण्यानं भरलेला कप उजेडात धरून तळ न्याहाळत होता. थेंबही नव्हता.

"मशीन कुणी बसवलं? तुमच्याकडेच नोकरीला का?"

मालकीणबाईंनी लेकीकडे पाहिलं.

"नोकरीला नव्हते," ती म्हणाली. मशीनच्या धडधडीत तिचा शब्द बुडाला. मग तिनं आवाज चढवला. "माझे वडील होते. लोकांचे धंदे चालू करून द्यायचे."